बंद पिशवीतलं १९५७चं नाणं

इटालियन नाणी जमवणाऱ्यांनी, त्यातही युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर वाचावं. ५०० लिरांचं (लिरा म्हणजे युरोआधीचं इटालियन चलन) १९५७चं 'प्रोवा', म्हणजे चाचणीचं, नाणं कोणी सीलबंद पिशवीतून देऊ केलं, तर पैशांना हात घालण्याआधी ती पिशवी जाणकारासमोर उघडायला लावा. माझे ४,८०० युरो अशाच एका पिशवीत गेले.

आधी खऱ्या नाण्याबद्दल सांगतो, कारण ठगाचा सगळा डाव त्याच्या खऱ्या इतिहासावर चालतो. हे चांदीचं नाणं इटलीत 'काराव्हेल्ले' (शिडाची जहाजं) नावाने ओळखतात. एका बाजूला कोलंबसची तीन जहाजं, ती ग्वीदो वेरोईने कोरली. दुसऱ्या बाजूला जुन्या वेषातली एक स्त्री. तिचा चेहरा पिएत्रो जाम्पाओलीने स्वतःच्या बायकोवरून घेतला. वजन ११ ग्रॅम, चांदी हजारात ८३५ भाग. १९५७ साली चाचणीची म्हणून हजाराच्या आसपास नाणी पाडली आणि त्यांच्यावर 'प्रोवा' अशी अक्षरं घातली. त्यांतल्या जहाजांची निशाणं डावीकडे फडकतात. शिडं एकीकडे फुगलेली आणि निशाणं भलतीकडे, हे कसं, म्हणून टीका झाली. १९५८पासून चलनात आलेल्या नाण्यांवर निशाणं उजवीकडे वळवली. ही उजवीकडची नाणी लाखोंनी निघाली, त्यामुळे साधा नग आजही चांदीच्या भावाहून फारसा वर जात नाही. डावीकडच्या 'प्रोवा'ला मात्र संग्राहक हजारो युरो मोजतात.

मी तोरिनोत नोकरीला आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात ओळख झालेल्या एका गृहस्थाने हे नाणं दाखवलं. पांढरे केस, इस्त्रीचा कोट, बोलणं अगदी मिठ्ठास. वडील सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांना भेट मिळालेलं नाणं, आता बहिणीबरोबर वाटणी करायची आहे, असं त्याचं म्हणणं. नाणं रिवेट मारलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत होतं. आत चिठ्ठी, तिच्यावर तज्ज्ञाचं नाव, शिक्का, सही आणि क्रमांक. इटलीत ही जुनी रीत आहे: मान्यताप्राप्त तज्ज्ञ नाणं तपासून असं सील करतो आणि सील तुटलं की त्याची हमी संपते. "डोत्तोरे, हवं तितकं बघा, फक्त पिशवी उघडू नका, तिची किंमत जाईल," तो म्हणाला. इथे समोरच्याला मोठेपणा द्यायचा असला की डॉक्टरेट नसली तरी डोत्तोरे म्हणतात.

भिंग लावून पाहिलं. निशाणं डावीकडे, 'प्रोवा' जागच्या जागी. चुंबकाला चिकटलं नाही. किंमतसुद्धा बेताने ठरवलेली: इथे रोखीच्या व्यवहाराला ५,०००ची मर्यादा आहे, त्याच्या जरा खाली. बाजारभावाहून कमी, पण संशय यावा इतकी कमी नाही.

या नाण्याचं साल दोन्हीपैकी कुठल्याच बाजूवर नसतं. ते कडेवर, 'रेपुब्लिका इतालियाना' या उठावदार अक्षरांबरोबर असतं. आणि पिशवीत नेमकी कडच वाचता येत नाही.

पुढे एका जुन्या व्यापाऱ्याला पिशवी दाखवली. त्याने चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "हे गृहस्थ वारले, त्याला बरीच वर्षं झाली." फोन करून विचारता येऊ नये म्हणून ठग मुद्दाम अशीच नावं घेतात, असं त्याने सांगितलं. माझ्यासमोरच त्याने रिवेट कापले आणि नाणं दिव्याखाली उभं धरून हळूहळू फिरवलं. कडेवर साल होतं १९६६. चांदी खरी, वजन बरोबर, टांकसाळही खरी. कोणीतरी चलनातल्या साध्या नाण्याची निशाणं खरवडून दुसऱ्या बाजूला बसवली होती. भिंगाखाली उजवीकडच्या जागेत किंचित खळगा आणि आजूबाजूपेक्षा वेगळीच चकाकी दिसत होती. 'प्रोवा'च्या अक्षरांच्या बुडाशी धातू जोडल्याची केसाएवढी रेघ होती. कारागिरी उत्तम, हे कबूल करायलाच हवं.

बाकीचे ठग एवढी मेहनत घेत नाहीत. मुसोलिनीच्या चेहऱ्याचं २० लिरांचं 'चांदीचं' नाणं सर्रास विकलं जातं. असं नाणं इटलीने कधी काढलंच नाही. १९२८चं शिरस्त्राणवालं खरं २० लिरा आहे, पण त्यावर डोकं राजा तिसऱ्या व्हित्तोरियो एमानुएलेचं आहे. राजा स्वतः नाण्यांचा अभ्यासक होता, ती गोष्ट वेगळी. पुण्याहून मामेभावाने १९९७च्या १,००० लिरांच्या नाण्याचा फोटो पाठवला होता. नाण्यावरच्या नकाशात जर्मनी एकत्र झाल्यानंतरही दुभंगलेलीच दाखवली आहे, म्हणून लाखात विकतात म्हणे. चूक खरीच आहे, पण ते नाणं ढिगाने निघालं. घेऊ नकोस म्हटलं, ऐकलं त्याने.

काराबिनिएरींकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार दिली. नाणं, चिठ्ठी आणि कापलेली पिशवी पुरावा म्हणून त्यांच्याकडे आहे. त्या गृहस्थाचा फोन बंद आहे आणि बाजारात त्याची जागा कधी ठरलेली नव्हतीच. पावती मी मागितली तेव्हा वाटणीचे कागद झाले की देतो म्हणाला होता. गेल्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका जाहिरातीत तसंच नाणं दिसलं, चिठ्ठीवर तेच मृत तज्ज्ञ आणि क्रमांकही तोच. त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडून आलो.