श्वान पथक: मोंढ्यातल्या चोरीत आलेला अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगतो.

मे महिन्यात मोंढ्यातलं आमचं आडत दुकान फोडलं, शटर कटावणीनं उचकटलं, गल्ला नेला आणि जाताना कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर पण काढून नेला. पहाटे हमालांनी बघितलं, आमचे अण्णा पळत आले, शेजारचे आडते आले, चहावाला आला आणि प्रत्येकानं आत जाऊन एकदा बघून घेतलं, पोलीस यायच्या आधी पंचवीस-तीस माणसं तरी दुकान तुडवून गेली असतील. चूक आमचीच, आता कळायलंय.

जिल्ह्याहून श्वान पथक आलं साडेअकराला. तोवर ऊन डोक्यावर. रात्री दुसऱ्या तालुक्यात घरफोडी झाल्ती, वासावरून माग काढणारी ट्रॅकर कुत्री तिकडं गेल्ती. स्टार त्या उशिराचा कापलाय, आलेल्या माणसांचा नाही.

डॉबरमन मादी होती आणि सोबत दोन हँडलर. गाडीतून उतरवायच्या आधी एकानं तळहात डांबरावर टेकवून बघितला, मग तिला सावलीच्या कडंनं आणलं, ओंजळीत पाणी धरून पाजलं आणि सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं. बारदानाच्या ढिगामागं कटावणी पडलेली, तिला कुणी हात लावला नव्हता, तेवढंच नशीब. ती हुंगून कुत्री पुढच्या शटरकडं गेलीच नाही, सरळ मागच्या भिंतीकडं, तिथून नाल्याच्या कडंनं बायपासपर्यंत, आणि पेट्रोल पंपाच्या थोडं पुढं जाऊन घुटमळली, दोन गिरक्या घेतल्या अन् बसली. आमच्यातले काही म्हणायले, झालं, काही उपयोग नाही. हँडलर म्हणाले, "अण्णा, वास इथं तुटला म्हणजे इथून गाडीत बसलेत, आता पंपाचे कॅमेरे बघा." त्याच फुटेजमध्ये पिकअप सापडला आणि एलसीबीचा, म्हणजे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेचा, तपास त्यावर चालू आहे. आम्ही तर तोवर मोंढ्याच्या पुढच्या रोडवरचेच कॅमेरे बघत बसलो होतो.

आता गावात चर्चा चाललीय की आपल्या शहराला स्वतःचं श्वान युनिट पाहिजे. माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण उन्हात आणि माणसांच्या पायाखाली वास टिकत नाही, पहिल्या दोन-तीन तासात कुत्रं पोचलं तर गोष्टच वेगळी. पण मीटिंगमध्ये लोक जे बोलायलेत ते ऐकून काळजी वाटते. एकच कुत्रं चोर पण धरंल, बॉम्ब पण शोधंल, गांजा पण काढंल असं नसतं. मुंबईचा झंजीर, ज्यानं १९९३ च्या स्फोटांनंतर एवढं आरडीएक्स शोधून दिलं, तो बॉम्ब शोधणारा लॅब्राडॉर होता. आपल्याला आधी ट्रॅकर पाहिजे, इथं रोजचं दुखणं घरफोडीचं आहे.

दुसरं म्हणजे कुत्रं आणून बांधलं की काम संपलं असं नाही. पुण्याला शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात कुत्र्यासोबत हँडलरला पण काही महिने ट्रेनिंग घ्यावं लागतं, आणि एक सुट्टीवर गेला तर दुसरा पाहिजे म्हणून हँडलर दोन लागतात. त्यांची वर्षभरात बदली केली तर सगळं मुसळ केरात. पोलीस राज्याचे, त्यामुळं नगरपालिकेनं स्वतः पथक काढायचा प्रश्नच नाही, पण जागा, पाणी, श्वानगृह तिनं द्यावं आणि बाकीच्यासाठी डीपीडीसीतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीतून, निधी मागावा. पत्र्याचं शेड अजिबात नको, आपल्याकडचा मे बघता कूलर, पक्कं छत आणि बोलवलं की येणारा जनावरांचा डॉक्टर आधी ठरवा, मग कुत्रं आणा.

आणि कुत्र्यानं कुणाच्या दारात जाऊन भुंकलं म्हणून त्याला चोर ठरवून मारायला धावू नका, ही भीती मला खरंच वाटते. सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये १९६९ ला सांगितलंय की ट्रॅकर कुत्र्याचा पुरावा चालतो पण त्याला फार वजन देता येत नाही. कुत्रं दिशा दाखवतं, बाकीचं पोलिसांनी शोधायचं.

जाताना हँडलर अण्णांना एवढंच सांगून गेले की परत असं झालं तर बाहेरूनच ११२ ला फोन लावा, आत कुणाला सोडू नका अन् पडलेल्या वस्तूला हात लावू नका. अण्णांनी ते खडूनं शटरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.