अडवून ताब्यात द्यायचं, की राज्याचे अधिकार घ्यायचे?

अमेरिकेत रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ अमेरिकन जमातीच्या राखीव प्रदेशात, दारू पिऊन गाडी चालवणारा मूळ अमेरिकन नसेल, तर जमातीचं न्यायालय त्याच्यावर फौजदारी खटला चालवू शकत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या ऑलिफंट निकालाने ती वाट बंद केली. वॉशिंग्टन राज्यात मग दोन मार्ग उरतात.

पहिला, जमातीच्या पोलिसाने गाडी अडवून चालकाला राज्याचा पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवणं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये याला मान्यता दिली. करार नको, विमा नको. अडचण घड्याळाची. रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची मर्यादा गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आतल्या चाचणीला लागू होते, आणि हे प्रमाण तासाला साधारण ०.०१५ ने उतरतं. म्हणजे ०.०९ वाला तासाभरात मर्यादेखाली! मग मुख्यतः झोकांड्या आणि अडखळतं बोलणं यांवर खटला उभा करायचा.

दुसरा, २००८ चा कायदा: जमातीच्या अधिकाऱ्यालाच राज्याचे अधिकार. अटकही तोच करतो, चाचणीही तोच घेतो. अटी मात्र कडक आहेत: राज्याचं प्रशिक्षण-प्रमाणपत्र, दायित्व विमा आणि विम्याच्या रकमेपुरतं सार्वभौम संरक्षण (जमातीवर दावा लावता येत नाही, ते कवच) सोडणं. शेवटची अट सगळ्यात जड. तरी राज्याची गस्त लांब असेल, तिथे या दोनांतला दुसरा मार्गच धरावा.