जीएम मीटर की आयन चेंबर: शिकाऊने आधी हात कशावर बसवावा?

किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या कामात नव्याने आलेल्यापुढे दोन्ही मीटर ठेवले की गोंधळ होतोच: जीएम, म्हणजे किरणांची स्पंदनं मोजणारा गायगर-म्युलर मीटर, आणि आयन चेंबर, म्हणजे किरणांमुळे हवेत तयार झालेला विद्युतभार मोजणारा मीटर.

टेबल, हातमोजे, बुटांचे तळ यांवर किरणोत्सर्गी डाग आहे का तपासायचं तर पॅनकेक जीएम, म्हणजे चपट्या गोल प्रोबचा. अभ्रकाची पातळ खिडकी अल्फा-बीटाही आत घेते. प्रोब सुमारे 1 सेंमी वर, वेग सेकंदाला 2 ते 5 सेंमी, आवाज चालू. काट्याआधी कान सांगतो. घाई केली की छोटा डाग निसटतो. खिडकीला टोकदार काही लागलं की ट्यूब गेलीच.

डोसदर, म्हणजे ठरावीक वेळात शरीराला किती किरणोत्सर्ग मिळतो, ते मोजायला मात्र आयन चेंबर. जीएम नुसती स्पंदनं मोजतो, त्यामुळे कमी ऊर्जेच्या गॅमाला तो कित्येक पट जास्त दाखवू शकतो. अतितीव्र क्षेत्रात याच्या उलट: काही जीएम गुदमरून शून्याकडे येतात, आणि खरा घात तिथेच. चेंबर तिथेही ठीक चालतो, पण खालच्या रेंजवर सावकाश. काट्याला काही सेकंद द्या. दमट हवेत वाचन भरकटतं, आतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग बघत जा.

बॅटरी बघणं आणि चेक सोर्सवर (तपासणीसाठीचा छोटा किरणोत्सर्गी नमुना) मीटर तपासणं, दोघांसाठीही रोज.

प्रयोगशाळेत सांडलवंड शोधणाऱ्याने जीएमपासून सुरुवात करावी, एक्स-रे किंवा मोठ्या सोर्सजवळ काम असणाऱ्याने चेंबरपासून. अनोळखी खोलीत शिरताना चेंबरच, वरच्या रेंजवर, दाराबाहेरच चालू करून.