एकेरी कंस की दुहेरी? शेल स्क्रिप्टमध्ये अट लिहिताना

अंधेरीत बसून मॅकवर लिहिलेली स्क्रिप्ट रात्री उबुंटूच्या सर्व्हरवर चालणार असेल, तर अट कुठल्या कंसात लिहायची हा आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

एकेरी `[ ]` ही साधी कमांड आहे, `टेस्ट`चंच दुसरं नाव. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकात असल्यामुळे डॅश, बॅश, बिझीबॉक्स अशा सगळ्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते. पण कमांड असल्यामुळे तिच्या हाती पडण्याआधीच शेल शब्द तोडतं. `[ $1 = दादर ]` (`$1` म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं पहिलं मूल्य) लिहिलं आणि आत 'दादर पश्चिम' आलं की एरर. `"$1"` असं अवतरणात घालायलाच हवं. `[ 10 > 9 ]` तर फारच घातक: तुलना होतच नाही, `9` नावाची फाइल तयार होते आणि अट खरी ठरते. दोन अटी जोडायला `-ए`, `-ओ` वापरू नका, २०२४च्या पॉझिक्समधून ते काढलेत. दोन वेगळे कंस लिहून मध्ये `&&` टाका.

दुहेरी `[[ ]]` कॉर्न शेलमधून आला, बॅश आणि झेडशेलने उचलला. इथे शब्द तुटत नाहीत, नमुनाही जुळवता येतो. पिनकोड मुंबईचा आहे का, हे असं तपासता येतं:

`[[ $1 == 4000* || $1 == 40010* ]]`

वाचायला किती सोपं! पण हा कंस पॉझिक्समध्ये नाही, आणि उबुंटूवर २००६पासून एसएच (`sh`, सिस्टमचं मूळ शेल) म्हणजे डॅश. डॅशला `[[` माहीतच नाही. ते 'सापडलं नाही' म्हणतं, मग `||`च्या पुढचा भाग स्वतंत्र कमांड समजून `$1`मध्ये जे असेल तेच चालवायला जातं. बाहेरून आलेला मजकूर कमांड म्हणून चालणं ही साधी चूक नव्हे. शिवाय `इफ`मध्ये असल्यामुळे स्क्रिप्ट थांबतही नाही, गुपचूप `एल्स`कडे वळते.

म्हणून माझा कौल असा. स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची हे पहिल्या ओळीत लिहितात; तिथे एसएच असेल, तर एकेरी कंस, आणि नमुना जुळवायचा असेल तिथे `केस`. `केस`मध्ये `4000*|40010*)` एवढं पुरतं, ते कुठल्याही पॉझिक्स शेलवर चालतं. लोक त्याला उगाच जुनाट समजतात. पहिल्या ओळीत बॅश लिहिलंय आणि प्रत्येक मशीनवर ते आहे याची खात्री आहे, तर बिनधास्त दुहेरी घ्या. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये बॅश नसतं, हे मात्र धरून चाला.

शेलचेक हे स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं साधन सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, लावून ठेवा. पहिल्या ओळीत एसएच आणि खाली दुहेरी कंस दिसला, की ते त्या ओळीवर बोट ठेवतं.