दहावीच्या एकसामयिक समीकरणांसाठी जिओजेब्रा : समजायला भारी, मार्कांसाठी वहीच

गणित भाग १ चा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणे, त्यात एकसामयिक म्हणजे एक्स-वायची दोन समीकरणं एकदम सोडवायची. माझ्याकडे ट्युशनला येणाऱ्या पोरांना लोप पद्धत (एक चल घालवून दुसरं काढायचं) जमते, क्रेमरचे निश्चयकही (सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) पाठ असतात, पण डी, म्हणजे ज्या निश्चयकाने शेवटी भागायचं तो, शून्य आला की 'टीचर आता काय लिहू?' म्हणून तोंडाकडे बघत बसतात. त्यासाठी मोबाईलवर जिओजेब्राचं ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे समीकरण टाकलं की आलेख काढून देणारं ॲप, वापरायला लागले. फुकट आहे, जाहिरातींची कटकट नाही, एकदा घेतलं की नेट नसलं तरी चालतं.

२एक्स + ३वाय = १२ टाका, खाली एक्स – वाय = १ टाका, दोन्ही रेघा हजर, इंटरसेक्ट टूल घेऊन दोन्हींवर टॅप केलं की छेदनबिंदू (३, २). एवढंच असतं तर रिव्ह्यू लिहायच्या भानगडीत पडले नसते.

खरी मजा स्लायडरची. के = १ टाकलं की –५ ते ५ चा स्लायडर येतो. पहिलं समीकरण तेच ठेवायचं, दुसरं करायचं के गुणिले एक्स + ६वाय = १०, आणि मग बोटाने के हळूहळू सरकवत न्यायचा. के ३ असताना बिंदूचा एक्स १४ असतो, ३.९ ला थेट १४०, म्हणजे बिंदू केव्हाच स्क्रीनबाहेर पळालेला, ४ वर रेघा समांतर आणि बिंदूच नाही, ४.१ केलं की एक्स –१४०, पठ्ठ्या दुसऱ्याच बाजूला! आता पोरांना डी काढायला लावा, २ गुणिले ६ वजा ३ गुणिले के, म्हणजे १२ – ३के, के ४ ला शून्य. मग १० खोडून २४ करा, के ४ ला एक रेघ दुसरीवर चढून बसते, अनंत उकली. माझ्याकडची जी पोरं निश्चयक म्हटलं की जांभया देतात ती स्लायडरसाठी भांडतात.

पण पेपरसाठी याच्या भरवशावर राहू नका. ग्राफ दिसतो, स्टेप्स नाही मिळत, आणि बोर्डात मार्क स्टेप्सनाच. आलेखाला तक्ता करा, प्रमाण लिहा, ते हातानेच. शाब्दिक उदाहरणात बापाचं वय एक्स आणि मुलाचं वाय हेही आपणच मांडायचं, अर्धी पोरं अडकतात ती तिथेच. आणि २३एक्स + २९वाय = ९८, २९एक्स + २३वाय = ११० असलं काही आलं तर मोबाईल उघडेपर्यंत वहीत होतं, बेरीज केली की एक्स + वाय = ४, दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की एक्स – वाय = २, संपलं, ३ आणि १.

पाचपैकी चार स्टार. घरात लॅपटॉप असेल तर ब्राऊझरमधे उघडा, मोबाईलवर जवळजवळच्या रेघांपैकी नेमकी हवी ती बोटाने पकडणं जरा जिकिरीचं आहे.