गच्चीवरची गोल्फची जाळी: आठ महिने वापरून

सोलापुरात गोल्फ खेळतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "कुठं बे?" तर खेळतो पुण्यात, महिन्यातून एकदा, हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन. टॉवेलच्या एका गिऱ्हाइकानं नाद लावला. रोजचा सराव मात्र जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर. त्यासाठी ऑनलाइन मागवलेला सेट: १० बाय ७ फुटांची जाळी, फायबरच्या कांड्या, हिरवी मॅट, रबरी टी (चेंडू जिच्यावर ठेवून मारतात ती छोटी खुंटी). ६,८०० रुपये.

जाळी चांगली आहे. आठ महिन्यांत दोनच ठिकाणी उसवली. आमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरनं ताण्याच्या सुतानं गाठी मारून दिल्या, त्या अजून जशाच्या तशा आहेत. फक्त ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचा, फटका बसला की जाळी मागे ताणते आणि चेंडू कठड्याला लागतो. म्हणून मागे सेकंड मालातली एक जाड चादर टांगली. आता ४६ ग्रॅमचा तो चेंडू थप्प करून चादरीवरच्या मोरावर आदळतो आणि जागीच खाली पडतो.

माझं भांडण टीशी आहे. सोबत आलेली टी जेमतेम दीड इंचाची. आयर्नला, म्हणजे लोखंडी तोंडाच्या आखूड काठीला चालेल, ड्रायव्हरला नाही. ड्रायव्हर जमिनीवर टेकवला की निम्मा चेंडू त्याच्या वर दिसला पाहिजे. टी बुटकी असली की आपण नकळत वरून खाली मारतो, चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते आणि अंतर जातं. महिनाभर मी माझ्या कमरेला दोष देत होतो. कंपनीला लिहिलं तर "बाकी ग्राहक समाधानी आहेत" असं उत्तर आलं. शेवटी जॉबरनंच जुन्या रबरी पाइपाचा तुकडा कापून बसवला. "मालक, एवढ्यासाठी पुण्याला जाता?" म्हणाला.

त्यानंतर फरक पडला. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवायचा, उजवा खांदा थोडा खाली, आणि फटका वर चढताना लागला पाहिजे. ड्रायव्हरच्या तोंडाला खडूची पूड लावली तेव्हा कळलं, माझे सगळे फटके दांड्याच्या बाजूला लागत होते. मधोमध लागायला लागल्यावर, जोर तेवढाच लावून, चेंडू लांब जायला लागला.

चेंडूला हात लावायच्या आधी वीस वेळा ड्रायव्हर उलटा धरून फिरवतो, मूठ खाली आणि काठीचं डोकं हातात. 'सूं' आवाज कुठं येतो ते ऐकायचं. माझा आधी उजव्या खांद्यापाशीच यायचा, म्हणजे सगळा वेग चेंडूपर्यंत पोचायच्या आतच संपलेला. आता चेंडूच्या जागेपुढे येतो. शेजारच्या काकू विचारतात, "माकडं आलीत का हो?"

पुण्याच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू आधी १७५ यार्ड जायचा, आता साधारण १९५. पण दहातले तीन-चार उजवीकडे झुडपात. जाळीत ते कळतच नाही, तिथं सगळेच फटके सरळ वाटतात.

एप्रिल-मे मध्ये सकाळी सातनंतर कांडीला हात लावू नका, चटका बसतो. जाळीही काढून घरात ठेवा, उन्हानं दोरा कडक होतो.

जाळीला चार तारे, टीला शून्य. नुसती जाळी मिळाली तर तेवढीच घ्या, चादर माझ्याकडून न्या.