आमची ८ बाय साडेनऊची बेडरूम आणि "विकायच्या आधी सजवून देऊ" वाले - ३ स्टार

नाव टाकत नाहीये कारण वॉलपेपरच्या पैशांवरून अजून बोलणं चालू आहे, पण रत्नागिरीत फ्लॅट विकायला काढला असेल आणि कोणी "रंग, पडदे, फोटो सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त चावी द्या" म्हणत असेल तर आधी हे वाचून घ्या.

आमचा फ्लॅट नाचणे रोडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं आणि हा विकायला काढला. हॉल बरा, किचन बरं, मोठी बेडरूम पण बरी, घोडं अडायचं ते दुसऱ्या बेडरूमपाशी. ८ बाय साडेनऊ फूट, म्हणजे ७६ चौरस फूट. बघायला आलेला माणूस किचनच्या ओट्यावर हात फिरवून खूष व्हायचा आणि या खोलीच्या दारात आला की पाऊल आत टाकायचाच नाही, नुसती मान आत घालून "ही काय, स्टोअर रूम का?" आईला ते फार लागायचं, आम्हा दोघा भावंडांची दहावी-बारावी त्याच खोलीत झाली.

पण खरं सांगायचं तर स्टोअर रूमच झाली होती. बाबांचा सागवानी डबल पलंग, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, पाहुण्यांच्या गाद्यांचा ढीग, माळ्यावर गणपतीचं मखर, पलंगाखाली कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आणि आमसुलाच्या बरण्या. तीन भिंती पोपटी, एक जांभळी. ती जांभळी माझीच हौस, तेव्हा "हायलाइट वॉल"चं फॅड होतं.

पॅकेज १८ हजाराचं घेतलं, फक्त या खोलीसाठी. महाग वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

आता चांगलं काय ते आधी. ज्या डिझायनर ताई आल्या त्यांनी पहिल्या दिवशी एक वस्तू आणली नाही, नुसत्या बाहेर काढायला लावल्या. गाद्या मावशीकडे, मखर भावाकडे, बरण्या किचनमध्ये. पलंगाचा विषय निघाल्यावर आई म्हणाली, "तो पलंग ह्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलाय, तो कुठे जायचा नाही." मला वाटलं आता वाजणार. पण ताई म्हणाल्या, "काकू, पलंग राहूदे, जागा बदलू." मग त्यांनी कागदी चिकटपट्टी काढली, रंगवाले वापरतात ती पिवळसर, आणि जमिनीवर पलंगाचा ५ बाय साडेसहाचा चौकोन आखला, कपाटाचा ३ बाय २ चा आखला, आणि आईला म्हणाल्या आता यातून चालून दाखवा.

हे मला भारी वाटलं. इतकी वर्षं पलंग मधोमध होता, दोन्ही बाजूला दीड-दीड फुटाची बोळ, आणि पायथ्याशी कपाट, तिथे उरायचा एक फूट, त्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडायचं आणि आई कायम तिरकी होऊन साड्या ओढून काढायची. आम्हाला कधी वाटलंच नाही की हे चुकीचं आहे. ताईंनी पलंग डाव्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवला, कपाट त्याच्या पायथ्याशी पण त्याच डाव्या भिंतीला पाठ लावून, म्हणजे दार मोकळ्या बाजूला उघडतं, आणि उजवीकडे दारापासून खिडकीपर्यंत सरळ ३ फुटांची वाट मोकळी. चार माणसं लागली पलंग सरकवायला. सामान तेच, खोली तीच, पण आता दारातून आत गेलं की सरळ खिडकीपर्यंत चालत जाता येतं, आणि माणूस आत गेला की खोली त्याला छोटी वाटत नाही, दारात अडला की वाटते.

पडदे पण चांगले केले. आधी मरून, जाड, खिडकीच्या कठड्यापर्यंतच. आता साधे फिक्या रंगाचे सुती, रॉड पार सिलिंगजवळ, आणि खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब, म्हणजे पडदा सरकवला की भिंतीवर जातो, काच पूर्ण मोकळी राहते. भिंती सगळ्या एकाच ऑफ-व्हाइट रंगात. ट्यूब काढून ४००० केल्विनची एलईडी लावली, ६५०० वाली निळसर पडते आणि खोली दवाखान्यासारखी दिसते म्हणे, ते पटलं.

आरशाची मात्र गंमत झाली. उजेड दुप्पट होतो म्हणून खिडकीच्या बरोबर समोर उभा आरसा लावला. आमच्या खिडकीतून दिसते समोरच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी. आता खोलीत दोन टाक्या दिसायला लागल्या. आईच म्हणाली अगं हा काढा, मग बाजूच्या भिंतीवर नेला, तिथे उजेड पण मिळतो आणि टाकी पण नाही.

फोटो पहिल्यांदा फसवे काढले होते, ते ०.५ वालं लेन्स लावून, खोली लग्नाच्या हॉलएवढी आणि कपाट डोलकाठीसारखं वाकलेलं, जाहिरातीत वर "प्रशस्त" लिहिलेलं. चिपळूणहून एक कुटुंब आलं ते फोटो बघून, दारात आल्यावर त्यांचे चेहरे असे पडले की मलाच लाज वाटली. दोन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला असं फसवायचं काय कारण? मग मीच साध्या मोबाइलने, लेन्स न बदलता, दुपारी साडेतीनला काढले, खिडकी पश्चिमेची असल्यामुळे तेव्हा उजेड छान येतो, आणि "प्रशस्त" काढून सरळ "८ बाय ९.५ फूट, डबल बेड आणि कपाट बसतं" असं लिहिलं. तसंही २०१६ च्या रेरा कायद्यानंतर लोक फोनवरच कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती विचारतात, बाहेरच्या भिंती धरून बिल्टअपचा आकडा सांगितला की गप्प होतात.

आता ३ स्टार का ते. पश्चिमेची भिंत. आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चिरा सच्छिद्र, बाहेरच्या प्लॅस्टरला भेग गेली की आत पाणी पीत बसतो, आणि पावसाचा सगळा मारा नैऋत्येकडून. त्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पोपडे धरायचे. मे महिन्यात काम चालू होतं तेव्हा रंगवाल्या दादांनी भिंतीवर बोटाने टकटक करून स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, ही भित पोकल वाजते, भायरून काम केल्याशिवाय ह्याच्यावर काय टिकनार नाय." हे ताईंसमोरच सांगितलं. त्यांनी काय केलं, तर पुट्टीचा हात मारून वरून वॉलपेपर चिकटवला, फिकी पानंफुलं, साडेचार हजार वेगळे, म्हणे "फोटोत छान येतं". फोटोत आलं छान. जुलैमध्ये त्या पानाफुलांना पोट सुटलं. खाली कडेला काळी बुरशी, आणि दार बंद ठेवलं की ओल्या गोणपाटासारखा वास, तो घालवायला यांनी सेंटेड मेणबत्ती पाठवली!

गणपतीच्या सुट्टीत मुंबईची माणसं गावी येतात तेव्हा घरं बघणारे पण वाढतात, म्हणून आम्ही तेव्हाच दाखवायला ठेवलं. गुहागरकडचे एक काका आले. खोलीत आले, पलंग बघितला नाही, पडदे बघितले नाहीत, सरळ त्या कोपऱ्यात गेले आणि वॉलपेपरवर तळहात ठेवून उभे राहिले, ताप बघतात तसा. मग हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "कागद कशाला लावलात? पोपडे दिसले असते तर मी विचारलं असतं कुठून गळतंय. कागद बघून वाटतं अजून काय काय झाकलंय." मला उत्तर सुचेना. चहा घेतला त्यांनी, पण परत फोन नाही आला.

मुंबई-पुण्यात हा कागद खपत असेल, इथे नाही. इथला माणूस आधी भिंतीला हात लावतो आणि माळ्यावरचा वास घेतो. ऑक्टोबरच्या उन्हात कागद फाडला, प्लॅस्टर सुटं झालेलं तेवढं खरवडलं, बाहेरून छज्ज्याच्या सांध्यातली भेग भरून वरून वॉटरप्रूफिंगचा कोट मारला (परांचीचं भाडं कामापेक्षा जास्त), आणि भिंत तीन आठवडे तशीच उघडी ठेवली सुकायला. त्या काळात दोन पार्ट्या आल्या, त्यांना तो खरवडलेला भाग दाखवून काय केलंय ते सांगितलं, रंगवाल्या दादांचा नंबर पण दिला. एक लांज्याचं जोडपं होतं, मुलीच्या शाळेसाठी शहरात येणारं. ती मुलगी खिडकीखाली शिलाई मशीनच्या टेबलापाशी बसली आणि आईला म्हणाली माझं दप्तर इथे. त्यांनी टोकन दिलंय.

तर मांडणीला आणि पडद्यांना पूर्ण मार्क, मेमध्ये बोलावलंत तर कागद लावू देऊ नका. वेळेचं ठीक, सांगितलेले ५ दिवस, लागले ९. पलंग आई नव्या घरी नेतेय, तिथली खोली १० बाय ११ आहे, तरी तिची जमिनीवर चिकटपट्टी मारून झाली. वॉलपेपरचे साडेचार हजार परत आले तर एक स्टार वाढवीन.